टिकवलेला देह कोणी पाहायचा?

मेलेल्या माणसाच्या शरीराला मराठीत एकच नाव नाही. नेत्याचं 'पार्थिव' अंत्यदर्शनाला ठेवतात, नदीत 'मृतदेह' सापडतो, तिरडीवर 'प्रेत' बांधतात, इस्पितळात 'शव'विच्छेदन होतं आणि उत्खननात मात्र 'मानवी अवशेष' निघतात. शरीर तेच असतं, आपलं त्याच्याशी नातं काय तेवढं बदलतं. पार्थिवामागे रडणारं कोणीतरी असतं, अवशेषाला नोंदणी क्रमांक असतो. मृतदेह जतन करण्यावरून आणि ते लोकांना दाखवण्यावरून जगभर जे वाद चालू आहेत, त्यांतले बरेच या दोन शब्दांच्या मधे अडकलेले आहेत. कालचं पार्थिव अवशेष कधी झालं, आणि ते कोणी ठरवलं?

एक गैरसमज आधीच बाजूला करायला हवा. टिकवलेला देह म्हणजे दाखवण्यासाठी ठेवलेला देह, असं आपण गृहीत धरतो, कारण आपल्याला ममी भेटते ती काचेच्या पेटीत. इतिहासात मात्र देह जपणारे आणि देह दाखवणारे बहुतेक वेळा वेगवेगळे लोक होते. इजिप्तमध्ये ममी बनवणाऱ्यांनी ती कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून दगडी दारं बसवली, भुयारं बुजवली. ती तिकीट लावून दाखवणारे हजारो वर्षांनी आले.

कुजणं थांबतं कसं

रक्ताभिसरण थांबलं की पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि त्यांच्यातलीच पाचक विकरं पेशींची आवरणं पोखरू लागतात. पाठोपाठ आतड्यातले जिवाणू मोकाट सुटतात. जिवंतपणी शरीर त्यांना आतड्यात डांबून ठेवतं, आता अडवणारं कोणी नसतं. म्हणून कुजण्याचा पहिला हिरवट डाग बहुधा ओटीपोटाच्या उजव्या बाजूला दिसतो. मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे असते आणि ती त्वचेच्या जवळ असते. नंतर वायू साठतो, पोट फुगतं, कातडी सुटते.

जिवाणूंना आणि विकरांना पाणी लागतं, ऊब लागते आणि फार आम्लही नाही, फार अल्कलीही नाही असं वातावरण लागतं. देह टिकवण्याची जगातली प्रत्येक पद्धत यांतलं काहीतरी काढून घेते. पाणी काढा, थंडी वाढवा, आम्ल किंवा क्षार वापरा. नाहीतर रसायनानं प्रथिनंच अशी जखडून टाका की ती कोणाला खाता येणार नाहीत.

यातला कोणताही उपाय फुकट मिळत नाही. वाळवलेला देह आक्रसतो आणि ठिसूळ होतो. गोठवताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर कुजणं आधीपेक्षा झपाट्यानं होतं. आम्लात कातडी टिकते, पण हाडांतलं कॅल्शियम विरघळून ती मऊ पडतात. फॉर्मॅलिननं (पाण्यात मिसळलेल्या फॉर्मॅल्डिहाइड वायूनं) ऊती ताठर आणि राखाडी होतात. कोणती किंमत चालेल हे त्या देहाकडून पुढे काय हवं आहे त्यावर ठरतं, आणि इथेच रसायनशास्त्र संपून संस्कृती सुरू होते.

क्षार, राळ आणि अंधार

इजिप्तच्या पद्धतीचा कणा म्हणजे नेट्रॉन, आटलेल्या तळ्यांच्या काठी मिळणारा क्षार. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ आणि थोडं सोडियम सल्फेट यांचं हे निसर्गानं केलेलं मिश्रण. ते पाणी शोषतं, चरबीचा साबण करतं आणि अल्कली असल्यामुळे जिवाणूंना जगू देत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सत्तर दिवसांचा उल्लेख केला आहे. त्यांतले साधारण पस्तीस ते चाळीस दिवस वाळवण्याचे असत, उरलेले धुणं, तेल, राळ, पट्ट्या आणि मंत्रविधी यांचे.

क्रमाला कारण होतं. आधी सर्वांत लवकर कुजणारं बाहेर काढायचं. नाकातून सळई घालून कवटीच्या तळाचं चाळणीसारखं पातळ हाड फोडत आणि मेंदू काढून टाकत. मेंदूला काही किंमत नव्हती. डाव्या कुशीला छेद देऊन जठर, आतडी, यकृत आणि फुप्फुसं काढत, वेगळी वाळवत आणि चार बरण्यांत ठेवत. हृदय मात्र जागेवर राही, कारण परलोकात तोललं जायचं ते हृदय. मग पोटात नेट्रॉनच्या पुरचुंड्या भरत आणि बाहेरून सगळा देह कोरड्या नेट्रॉनच्या ढिगात पुरत. देह नेट्रॉनच्या पाण्यात बुडवून ठेवत असत, ही समजूत बराच काळ चालली, पण ती चूक आहे. पाणी काढायचं असताना पाण्यात कशाला बुडवायचं? १९९४मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड यांनी विज्ञानासाठी दान केलेल्या देहावर हीच पद्धत वापरून पाहिली. त्यांना अडीचशे किलोंहून जास्त कोरडं नेट्रॉन आणि पस्तीस दिवस लागले. देह टिकला.

चुका तेव्हाही होत. एकविसाव्या घराण्याच्या काळात चेहरा जिवंत दिसावा म्हणून कातडीखाली भर घालण्याची रीत आली. राणी हेनुत्तावी हिच्या गालांत भर इतकी ठासली गेली की कातडी वाळून आक्रसताना गालच फाटले. तूतनखामूनच्या बाबतीत राळमिश्रित तेल इतकं ओतलं गेलं की देह शवपेटीच्या तळाला डांबरासारखा चिकटून बसला. १९२५मध्ये त्याचं थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या चमूला तो निघेना, तेव्हा त्याचे तुकडे करावे लागले. शतकानुशतकं टिकलेला देह तपासणाऱ्यांच्या हातून मोडला, आणि तसं त्याच्या एकट्याच्याच नशिबी आलेलं नाही.

'ममी' हा शब्दच गैरसमजातून आला आहे. फारसीत मोम म्हणजे मेण, त्यावरून मुमिया म्हणजे डांबरासारखा औषधी पदार्थ. इजिप्तच्या देहांवरची काळी राळ तसलीच दिसली म्हणून युरोपातले औषधविक्रेते ममी कुटून तिची पूड विकू लागले, आणि हा धंदा काही शतकं चालला. चित्रकारांच्या पेटीत 'ममी ब्राउन' नावाचा तपकिरी रंग होता, तोही ममींपासूनच बनत असे. १८३०च्या दशकात लंडनमध्ये थॉमस पेटिग्र्यू नावाचा शल्यविशारद प्रेक्षकांकडून पैसे घेऊन व्यासपीठावर ममी उलगडत असे. त्या मानानं काचेची पेटी ही सुधारणाच म्हणावी लागेल!

खुद्द इजिप्तचं मतही डळमळत राहिलं आहे. रामसेस दुसरा याची ममी १८८१मध्ये दैर अल-बहरीच्या गुप्त साठ्यात सापडली. थडगी लुटली जात होती म्हणून पुजाऱ्यांनी कधीकाळी राजांचे देह तिथे लपवले होते. १९७६मध्ये तिच्यावर बुरशी दिसल्यानं ती पॅरिसला नेऊन गॅमा किरणांनी निर्जंतुक केली. १९८०मध्ये अन्वर सादात यांनी कैरो संग्रहालयातलं राजांच्या ममींचं दालन बंद करायला लावलं. राजांचा असा देखावा त्यांना मान्य नव्हता. १९९४मध्ये दालन पुन्हा उघडलं. ३ एप्रिल २०२१ला अठरा राजे आणि चार राण्या नायट्रोजन भरलेल्या पेट्यांतून, लष्करी मानवंदना घेत नव्या संग्रहालयात गेले. म्हणजे चाळीस वर्षांत तेच देह आधी झाकण्याचे आणि मग राष्ट्राच्या मिरवणुकीचे झाले.

दलदल आणि बर्फ

काही देह कोणी टिकवले नाहीत, ते नुसते टिकले. डेन्मार्कमध्ये १९५०मध्ये पीट (दलदलीतला जळणाला वापरतात तो थर) कापणाऱ्यांना टॉलुंड मॅन सापडला. देह इतका ताजा दिसत होता की पोलिसांना बोलावलं गेलं. प्रत्यक्षात त्याला जाऊन तेवीसशेहून जास्त वर्षं झाली होती आणि गळ्यात फास तसाच होता. स्फॅग्नम शेवाळाच्या दलदलीत पाणी थंड आणि आम्ल असतं, प्राणवायू जवळजवळ नसतो. शेवाळातली द्रव्यं चामडं कमावल्यासारखी कातडी कमावतात.

अडचण देह बाहेर काढल्यावर सुरू होते. त्या काळी टॉलुंड मॅनचं डोकं तेवढं नीट जतन झालं, बाकीचा देह वाळून गेला. आज सिल्केबोर्गच्या संग्रहालयात डोकं खरं आहे आणि धड नव्यानं घडवलेलं आहे. दोनच वर्षांनी सापडलेल्या ग्राउबाले मॅनच्या वेळी हा धडा कामी आला. दलदलीनं अर्धवट सोडलेलं कमावण्याचं काम ओकच्या सालीत साधारण दीड वर्ष ठेवून पुरं केलं आणि तो अख्खा टिकला.

बर्फातल्या देहाला ती सोयही नाही. १९९१मध्ये आल्प्समध्ये ३,२१० मीटर उंचीवर सापडलेला ओत्झी नावाचा देह इटलीतल्या बोल्झानो इथे उणे ६ अंश सेल्सियस तापमान आणि जवळजवळ ९९ टक्के आर्द्रता असलेल्या कोठडीत आहे. इतकी आर्द्रता का, असा प्रश्न पडेल. गोठलेल्या देहातलं पाणी कोरड्या हवेत थेट वाफ होऊन उडतं आणि देह हळूहळू वजन गमावतो. म्हणून ठरावीक काळानं त्याच्यावर निर्जंतुक पाणी फवारून बर्फाचा पातळ थर चढवतात. प्रेक्षकाला तो सुमारे चाळीस सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद खिडकीतून दिसतो. ज्याला पाहायचं त्यानं वाकून पाहावं, ज्याला नको त्यानं सरळ पुढे जावं. खिडकीचा आकार थंडी राखण्यासाठी लहान आहे, पण त्यातून निवडीची सोयही आपसूक झाली आहे.

अर्जेंटिनात यूयायाको शिखराजवळ ६,७०० मीटरच्या वर १९९९मध्ये इंका काळातली तीन बळी दिलेली मुलं सापडली. साल्टाच्या संग्रहालयात त्यांना साधारण उणे २० अंशांत ठेवतात आणि एका वेळी एकच मूल दाखवतात. स्थानिक आदिवासी गटांचं म्हणणं की त्यांना डोंगरावरून खाली आणायलाच नको होतं.

थंडी किंवा कोरडेपणा राखता आला नाही तर काय होतं ते चिलीत दिसलं. तिथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या चिंचोरो लोकांनी इजिप्तच्या कितीतरी आधी, सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ममी बनवायला सुरुवात केली. अवयव आणि मांस काढायचं, हाडांना काठ्यांचा आधार द्यायचा, माती आणि वनस्पतींची भर घालायची, कातडी पुन्हा चढवायची, वर काळा किंवा लाल रंग. त्यांनी राजा-पुजाऱ्यांपुरतं हे ठेवलं नाही, तान्ह्या बाळांच्या आणि गर्भांच्याही ममी केल्या. कोरड्या वाळूत टिकलेले हे देह संग्रहालयाच्या कपाटात मात्र काळे पडून पाझरू लागले. संशोधकांना कारण सापडलं ते साधं होतं. हवेतली आर्द्रता वाढली आणि माणसाच्या कातडीवर नेहमी असणाऱ्या जिवाणूंना पुन्हा खाद्य मिळालं.

नेत्यांचे देह

आधुनिक एम्बामिंग हे मुळात थोड्या दिवसांचं काम आहे. मानेतल्या धमनीतून फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण आत सोडतात आणि शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर येऊ देतात. फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांचे धागे एकमेकांना जखडतं. अमेरिकेत यादवी युद्धात दूर मेलेले सैनिक घरी पोचवण्यासाठी एम्बामिंगचा वापर वाढला (तेव्हा फॉर्मॅल्डिहाइड नव्हतं, आर्सेनिकसारखी विषं वापरत). १८६५मध्ये लिंकन यांचा देह आगगाडीनं गावोगावी अंत्यदर्शनाला नेला, तेव्हा लाखोंनी तो पाहिला. उद्देश निरोपापुरता होता, नंतर दफन ठरलेलंच.

लेनिनच्या देहाला निरोपच दिला गेला नाही. २१ जानेवारी १९२४ला मृत्यू झाल्यावर आधी नेहमीचं एम्बामिंग झालं. मार्चमध्ये डाग दिसू लागले, तेव्हा शरीरशास्त्रज्ञ व्लादिमिर वोरोब्योव आणि जीवरसायनतज्ज्ञ बोरिस झ्बार्स्की यांना बोलावलं. त्यांची पद्धत इजिप्तच्या बरोबर उलट होती. त्यांनी पाणी काढलं नाही, बांधून ठेवलं. ग्लिसरीन आणि पोटॅशियम ॲसिटेट दोन्ही ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे देह ना वाळतो ना सडतो. सांधे लवचीक राहतात, चेहरा आक्रसत नाही. पण हे एकदा करून संपत नाही. साधारण दीड-दोन वर्षांनी देह पुन्हा त्या द्रावणाच्या हौदात ठेवावा लागतो, दालन सुमारे १६ अंशांवर राखावं लागतं आणि त्वचेवर डाग, सुरकुत्या दिसतात का याची सतत पाहणी करावी लागते. युद्धात १९४१मध्ये देह सैबेरियात त्युमेनला हलवला, तर शास्त्रज्ञही सोबत गेले. अशा देहाला पोसणारं सरकार लागतं, म्हणूनच तो सरकारसोबत पडतोही. मॉस्कोच्या तंत्रज्ञांनी १९४९मध्ये बल्गेरियाचे कम्युनिस्ट नेते दिमित्रोव्ह यांचा देह जतन केला. १९९०मध्ये तो हलवला गेला आणि १९९९मध्ये त्यांची समाधिवास्तूच पाडली. चेकोस्लोव्हाकियाचे कम्युनिस्ट नेते गॉटवाल्ड यांच्या देहाचं १९६२मध्ये दहन झालं.

यात मृताची इच्छा विचारलीच गेली नाही. व्हिएतनामचे हो चि मिन्ह यांनी आपलं दहन करून रक्षा देशाच्या तीन भागांत ठेवावी असं लिहून ठेवलं होतं. माओंनी १९५६मध्ये दहनाच्या आवाहनावर सही केली होती. आज दोघेही काचेआड आहेत.

प्लास्टिनेशन

गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७मध्ये हायडेलबर्गमध्ये शोधलेल्या या पद्धतीत पाण्याच्या जागी प्लास्टिक जातं. प्लास्टिक थेट पाण्याची जागा घेत नाही, मधे मध्यस्थ लागतो. आधी फॉर्मॅलिन देऊन कुजणं थांबवतात, मग चरबी आणि संयोजी ऊती काढून हवे ते स्नायू, नसा मोकळ्या करतात. नंतर देह उणे २५ अंशांच्या ॲसिटोनमध्ये बुडवतात. थंडी महत्त्वाची, कारण गरम ॲसिटोनमध्ये पाणी झपाट्यानं निघून ऊती आक्रसतात. ॲसिटोन बदलत बदलत पाणी जवळपास शून्यावर आणतात. मग देह द्रव सिलिकॉनमध्ये ठेवून निर्वात पंप लावतात. दाब उतरला की ॲसिटोन उकळून बुडबुड्यांनी बाहेर पडतं आणि पेशींत सिलिकॉन ओढलं जातं. इथे घाई केली, दाब एकदम उतरवला तर सिलिकॉन आत पोचायच्या आधीच ॲसिटोन निघून जातं आणि अवयव सुरकुततो. शेवटी तारा, सुया आणि फोम लावून देहाला पवित्रा देतात आणि विशिष्ट वायूनं सिलिकॉन घट्ट करतात. एका पूर्ण देहाला सुमारे दीड हजार तास काम पडतं.

नतीजा कोरडा, बिनवासाचा, हात लावता येण्याजोगा. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तो वरदानच आहे. प्रश्न पवित्र्याचा आणि संमतीचा. १९९५मध्ये टोकियोपासून सुरू झालेल्या फॉन हागेन्स यांच्या 'बॉडी वर्ल्ड्स' या प्रदर्शनाचं म्हणणं की त्यांच्याकडे नोंदणी केलेले देहदाते आहेत. अमेरिकेत वेगळ्या कंपनीच्या 'बॉडीज: द एक्झिबिशन'मध्ये चीनमधले बेवारस देह होते. २००८मध्ये न्यूयॉर्क राज्याशी झालेल्या तडजोडीनुसार तिला जाहीर करावं लागलं की हे देह फाशी दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची स्वतंत्र खात्री ती देऊ शकत नाही. फ्रान्समध्ये २००९मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं अशाच एका प्रदर्शनाला बंदी घातली. तिथल्या नागरी संहितेत मृतांच्या अवशेषांना आदरानं, प्रतिष्ठेनं आणि सभ्यतेनं वागवावं असं कलमच आहे.

'बेवारस' या शब्दाकडे जरा थांबून पाहा. त्याचा अर्थ एवढाच की देह घ्यायला कोणी आलं नाही. त्या माणसाला आपल्या देहाचं काय व्हावंसं वाटत होतं याबद्दल तो काहीच सांगत नाही.

घरातले मृत

आता उलट बाजू. असे समाज आहेत जिथे मृत दिसतो, पण त्याला प्रदर्शन म्हणणं चुकीचं ठरेल. इंडोनेशियात सुलावेसीच्या तोराजा लोकांत अंत्यविधी होईपर्यंत माणूस मेला असं मानत नाहीत, तो 'आजारी' असतो. विधीला रेडे लागतात, खर्च मोठा असतो, म्हणून देह महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घरात असतो. त्याच्याशी बोलतात, त्याला जेवण दाखवतात. पूर्वी वनस्पतींचे लेप लावत, आता फॉर्मॅलिन टोचतात. पुढे काही वर्षांनी 'मा-नेने' नावाच्या विधीत देह थडग्यातून काढून स्वच्छ करतात, नवे कपडे घालतात. पाहणारे नातवंडं-पतवंडं असतात. तीच छायाचित्रं 'प्रेतांची मिरवणूक' म्हणून फिरतात, तेव्हा विधी तोच राहतो, बघे बदललेले असतात.

सिसिलीत पालेर्मोच्या कॅपुचिन तळघरात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून देह वाळवून भिंतीला उभे करत. आधी मातीच्या नळ्यांच्या जाळीवर आठेक महिने निथळू द्यायचे, मग व्हिनेगरनं धुऊन कपडे घालायचे. कुटुंबं भेटायला येत, कपडे बदलत. तिथेच १९२०मध्ये वारलेली रोझालिया लोंबार्दो ही चिमुरडी आहे. तिच्यावर काम करणाऱ्या आल्फ्रेदो सालाफिया यांची कृती नंतर त्यांच्या हस्तलिखितात सापडली. जिवाणूंसाठी फॉर्मॅलिन, वाळण्यासाठी अल्कोहोल, फार वाळू नये म्हणून ग्लिसरीन, बुरशीसाठी सॅलिसिलिक आम्ल आणि गाल बसू नयेत म्हणून जस्ताचे क्षार. गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन साधारण दहा वर्षांनी होतं. भाविक त्याला दर्शन म्हणतात, आणि हा फरक शाब्दिक नाही. दर्शनात मृत व्यक्ती आपल्याकडे पाहते असंही गृहीत असतं.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातले अनेक आदिवासी समाज. तिथे मृताचं नाव घेणं आणि छायाचित्र दाखवणंही टाळतात, म्हणून तिकडच्या दूरचित्रवाणीवर कार्यक्रमाआधी तशी सूचना देतात. चित्राबद्दल ही काळजी असेल, तर काचेतल्या सांगाड्याबद्दल काय वाटत असेल याची कल्पना करता येते.

वस्तू झालेली माणसं

माओरी लोकांची तोइ मोको म्हणजे गोंदवलेली, जपलेली मस्तकं. मेंदू आणि डोळे काढून छिद्रं तागासारख्या धाग्यानं आणि डिंकानं बुजवत, मस्तक वाफवून धुरी देत, उन्हात वाळवत आणि शार्कचं तेल चोळत. कुटुंब आपल्या माणसाचं मस्तक पेटीत जपून ठेवी आणि विधीला बाहेर काढी. शत्रूची मस्तकंही असत, तहाच्या वेळी त्यांची देवाणघेवाण होई. मग युरोपीय जहाजं आली आणि मस्तकांच्या बदल्यात बंदुका मिळू लागल्या. मागणी इतकी वाढली की गुलामांना विकण्यासाठी म्हणून गोंदवून मारलं जाऊ लागलं. १८३१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या ब्रिटिश गव्हर्नरनं व्यापारावर बंदी घातली, तोवर मस्तकं जगभरच्या संग्रहालयांत पोचली होती. न्यूझीलंडच्या 'ते पापा' नावाच्या संग्रहालयाचा ती परत आणण्याचा अधिकृत कार्यक्रम २००३पासून चालू आहे. फ्रान्समध्ये रूआँ शहरानं २००७मध्ये एक मस्तक परत करायचं ठरवलं, पण संग्रहालयातली वस्तू ही राष्ट्राची मालमत्ता असल्यानं केंद्र सरकारनं अडवलं. २०१०मध्ये खास कायदा करावा लागला. मस्तक वस्तू आहे की देह, या एका प्रश्नावर तीन वर्षं गेली.

सारा बार्टमन या दक्षिण आफ्रिकी स्त्रीला १८१०पासून लंडन-पॅरिसमध्ये तमाशासारखं दाखवलं. १८१५मध्ये ती वारल्यावर तिचा सांगाडा आणि अवयव संग्रहालयात गेले आणि १९७०च्या दशकापर्यंत मांडलेले राहिले. २००२मध्ये तिचं तिच्या प्रदेशात दफन झालं. आयरिश चार्ल्स बर्न हा साडेसात फुटांहून उंच होता. शरीरशास्त्रज्ञ आपल्या मागावर आहेत हे ओळखून त्यानं समुद्रात दफन मागितलं होतं. १७८३मध्ये तो वारला आणि शल्यविशारद जॉन हंटरनं देह मिळवलाच. सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात दोनशेहून जास्त वर्षं उभा होता. २०२३मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा तो मांडणीत नव्हता, मात्र संशोधनासाठी संग्रहात ठेवला आहे. हे अर्धंच पाऊल झालं. त्यानं मागितला होता समुद्र.

आता कसं ठरवतात

ब्रिटनमध्ये २००४च्या ह्यूमन टिश्यू कायद्यानुसार (स्कॉटलंड वगळून) शंभर वर्षांच्या आतला देह जाहीर मांडायचा तर परवाना लागतो आणि त्या व्यक्तीची हयातीतली, साक्षीदारासमोरची लेखी संमती लागते. नातेवाइकांची चालत नाही. त्याच कायद्यानं काही राष्ट्रीय संग्रहालयांना हजार वर्षांच्या आतले अवशेष परत करायची मुभा दिली, जी आधी नव्हती. अमेरिकेत मूलनिवासींच्या अवशेषांबद्दलचा कायदा १९९०चा आहे. जानेवारी २०२४पासूनच्या नियमांनुसार ते मांडण्याआधी वंशजांची किंवा संबंधित जमातीची संमती घ्यावी लागते. कोणाशी बोलायचं हे ठरवणं हेच खरं किचकट काम असतं. जुन्या नोंदवह्यांत 'एक कवटी, नदीकाठ' इतकंच लिहिलेलं असतं.

परत करतानाही एक धोका आहे. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून संग्रहालयं आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं सर्रास लावत. देह हाताळून दफन करणाऱ्यांना ती बाधू शकतात, म्हणून आधी क्ष-किरण उपकरणानं तपासणी करतात आणि हातमोज्यांबद्दल सांगतात. आता किडीसाठी पेटीत नायट्रोजन भरून प्राणवायू काही आठवडे जवळपास शून्यावर ठेवतात, विष लागत नाही. उलगडून पाहण्याची गरज सीटी स्कॅननं संपवली आहे.

जिथे दाखवायचं ठरतं, तिथे साधारणपणे देह मुख्य वाटेवर न ठेवता आडदालनात ठेवतात, दारावर सूचना लावतात, उजेड मंद करतात, छायाचित्रं बंद करतात. पाटीवर 'ममी'ऐवजी 'ममी केलेली व्यक्ती', आणि माहीत असेल तर नाव. यातलं काही नुसतं वरवरचं वाटू शकतं, पण प्रेक्षक काय घेऊन जातो हे मोजणाऱ्यांना फरक दिसला आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयानं २०२०मध्ये ॲमेझॉन खोऱ्यातली आक्रसवलेली मस्तकं काढून घेतली, कारण पाहणारे तिथल्या शुआर लोकांबद्दल काही शिकण्याऐवजी 'रानटी' हाच शब्द पक्का करून बाहेर पडत होते.

या सगळ्यात एक माणूस असा आहे ज्यानं स्वतः लिहून मागितलं. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम जून १८३२मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे मित्रांसमोर देहाचं विच्छेदन झालं, सांगाडा गवतानं भरून त्याचेच कपडे घातले आणि खुर्चीत बसवला. डोकं जपण्यासाठी माओरी मस्तकांचा आदर्श ठेवून ते सल्फ्युरिक आम्लावर निर्वात पंपाखाली ठेवलं. पाणी निघालं, पण चेहऱ्यावरचे सगळे भावही निघून गेले, कातडी चामड्यासारखी ताणली, आणि शेवटी मेणाचं डोकं बसवावं लागलं. आज तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये काचेच्या पेटीत बसलेला असतो. खरं डोकं मात्र लोकांसमोर नसतं, ते वेगळं, कोठारात आहे. त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत ब्रिटनमध्ये शरीरशास्त्राचा कायदा आला, आणि विच्छेदनाच्या टेबलावर गरीबगृहांतले बेवारस देह येऊ लागले. त्यांच्याकडून काही लिहून घेतलेलं नव्हतं.